बाहेर राहणारा एकटा ससा आणि मुंबईची थंडी: ताडपत्री ठेवू की काढू?

पिठ्याची_मम्मी (मुलुंड पश्चिम), ६ जानेवारी, सकाळी ७.५०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. आमच्याकडे एक ससा आहे, पांढरा, चार वर्षांचा. पोळ्या करताना ओट्यावर पीठ सांडतं ना, अगदी तसा दिसतो म्हणून नाव पिठ्या. आम्ही तळमजल्यावर राहतो, किचनच्या मागच्या दाराबाहेर सोसायटीच्या भिंतीपर्यंत जेमतेम सहा बाय बारा फुटांची जागा आहे. तिथे सासूबाईंचं जुनं दुभत्याचं कपाट जाळीच्या दारासकट आडवं टाकून त्याचं घर केलंय. आधी दोघं होते. जिलबी ऑक्टोबरच्या उकाड्यात गेली, दुपारची वेळ, घरात कोणी नव्हतं, त्यावर जास्त लिहवत नाही. तेव्हापासून हा एकटाच.

आता प्रश्न असा की गेले चार दिवस पहाटे चांगलाच गारवा आहे, मोबाईल १५ डिग्री दाखवतोय. सकाळी दार उघडलं की हा कोपऱ्यात अंग फुगवून गोळा होऊन बसलेला आणि कान एकदम थंडगार. मी घाबरले आणि पावसाळ्यातली निळी ताडपत्री काढून कपाटाला चारी बाजूंनी गुंडाळली, आत मिस्टरांची जुनी शाल घातली. तर कालपासून तो शिंकायला लागलाय, आणि आज बघते तर ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळतायत, शालीचा एक कोपरा ओला आणि एक कोपरा खाल्लेला!!

सासूबाई म्हणतात चाळीसचा बल्ब लाव, कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा. वॉचमन म्हणतो अजून एक गोणपाट टाका. मुलगी यूट्यूब बघून हीट पॅड मागवायला निघालीये, ते सगळे व्हिडिओ बर्फातले, बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून बाटलीला मोजा घाला म्हणे, इथे कुठे पाणी गोठतंय. रात्री घरात घेऊ का? दुसरा ससा आणू का? बाजरीची भाकरी चालते का, सासूबाई देतात थोडी, थंडीत गरम म्हणून. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

निफाडकर_बापू, ६ जानेवारी, सकाळी ८.१५

१५ ला थंडी म्हणता होय ताई :) आमच्याकडं या एकदा, पारा पाचाच्या खाली उतरला की आम्ही रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसतो, मणी तडकू नये म्हणून. त्या थंडीत आमच्या वडलांचे ससे पडवीत असायचे, नुसत्या कोरड्या पेंढ्यावर. एकही थंडीनं गेला नाही. एक मात्र मांजरानं नेला. तेव्हा बल्ब बिल्ब काही नको, पोरगी म्हणते ते पॅड तर अजिबातच नको, वायर कुरतडली तर सशाचंही जायचं आणि घराचंही. जागा कोरडी ठेवा म्हणजे झालं.

वसईची_सशेवाली, ६ जानेवारी, सकाळी ९.३०

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी उठा आणि ती ताडपत्री काढा. आत्ता.

मी ११ वर्षं ससे पाळतेय, लोकांनी सोडून दिलेलेही सांभाळते, आणि दर जानेवारीत मला हाच फोन येतो की ससा गारठलाय म्हणून पॅक केला आणि आता शिंकतोय. ते थेंब कुठून आले सांगू का, त्याच्या श्वासातून आणि त्याच्या शूतून. रात्रभर ती वाफ बाहेर जायला वाट नाही, म्हणून गार प्लास्टिकला लागून पाणी होतं आणि परत त्याच्याच अंगावर गळतं. कोरडा ससा थंडी आरामात काढतो, ओला नाही काढत. त्यात सशाच्या शूचा अमोनिया असा काही उग्र असतो की बंद पेटीत तो नाकाला आतून सोलून काढतो. ससा तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो, त्यामुळे आपल्याला जी साधी सर्दी ती त्याला जीवावरची. उद्या सकाळी एक करा, साफसफाई करायच्या आधी त्या कपाटात स्वतःचं डोकं घाला आणि दोन मिनिटं तसंच राहा. डोळे चुरचुरले तर समजा की तो रात्रभर त्यात बसला होता. घाण वाटेल पण कराच.

आता आकड्यांचं. सशाला साधारण १५ ते २० डिग्री म्हणजे अगदी सुखाचं. सांताक्रूझला जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी १६-१७ च्या आसपास असतो आणि दुपारचा तीसच्या वर. म्हणजे आपण ज्या रात्रीला घाबरतोय ती त्याला मस्त आहे, जड जाते ती दुपार! तीसच्या आसपास गेलं की त्याला धाप लागायला सुरुवात होते, घाम तर येतच नाही त्याला. तुम्ही पहाटे गुंडाळलेली ताडपत्री दुपारी बारापर्यंत तशीच राहिली तर आत काय भट्टी होत असेल विचार करा (आणि जिलबीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. दोष देत नाहीये).

कान गार लागतात ते ठीकच आहे. उन्हाळ्यात तो कानातूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि थंडीत त्याच कानातल्या रक्तवाहिन्या आवळून घेतो, म्हणून गार. अंग फुगवून बसणंही नॉर्मल, केसांमध्ये हवा धरून ठेवतो. काळजी कधी करायची, तर कुबड काढून बसलाय, दात करकर वाजवतोय, डोळे अर्धे मिटलेत, आवडीची कोथिंबीर पुढे धरली तरी तोंड फिरवतोय. लेंड्या बघा. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, भरपूर असतील तर ससा बरा आहे. बारीक झाल्या किंवा बंद झाल्या तर थांबायचं नाही, १२ तास काही खाल्लं नाही म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. पोट थांबलं की ससा फार वेळ देत नाही.

शिंकेचं असं की दिवसात एखाददोन शिंका धुळीच्याही असतात, सध्या जिकडेतिकडे खोदकाम चालूय आणि थंडीत ती धूळ खालीच बसून राहते. पण त्याच्या पुढच्या पायांची आतली बाजू बघा. ससा नाक पुसतो ते तिथेच. तिथले केस चिकट, गुठळ्या झालेले असतील तर ती खरी सर्दी, मग घरगुती काही करू नका.

दुपारी कपाटाचं सांगते, आता कुकर लावायचाय.

लालबागचा_पक्या, ६ जानेवारी, सकाळी ११.०५

ताई सशेवालीचं ऐका. माझं एक सांगतो, दोन वर्षांपूर्वी आमचा बंटी शिंकत होता म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेला, तिथे नेहमी कुत्रीमांजरं बघतात, त्यांनी अमोक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं, मी बावळटासारखं दोन दिवस सिरिंजने पाजलं. तिसऱ्या दिवशी जुलाब, पाचव्या दिवशी गेला. नंतर कळलं की ते औषध सशाला तोंडातून द्यायचंच नसतं, पेनिसिलिनच्या घराण्यातलं कुठलंच नाही, पोटातले चांगले जंतू मरतात आणि वाईट वाढून विष करतात. इतका राग आला ना, त्यांचा आणि माझापण, कारण घरी येऊन साधं गुगल केलं असतं तर कळलं असतं. म्हणून डॉक्टरकडे गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा की तुम्ही ससे नेहमी बघता का, आणि औषधाचं नाव विचारूनच घ्या. तसंच ते कुत्र्यामांजरांच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध येतं, फिप्रोनिलवालं, तेपण सशाला विष आहे. थंडीत कोंडा झाला खाज आली की लोक तेच टाकतात.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल आमच्या जवळ आहे, पण मुलुंडहून इतक्या लांब आणायच्या आधी फोन करा, ससे बघणारे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते विचारा. लोकलमध्ये गर्दीत तर आणूच नका, भीतीनेच अर्धा होतो तो.

वसईची_सशेवाली, ६ जानेवारी, दुपारी ३.२०

हां तर कपाट. दुभत्याचं कपाट ऐकून मला तर आनंदच झाला, तीन बाजूंनी जाळी म्हणजे हवा चांगली. पण तेच थंडीत जरा उघडं पडतं. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचा वारा जमिनीकडून येतो, पूर्व-ईशान्येकडून, आणि दुपारनंतर समुद्राकडून. म्हणजे फक्त पूर्व आणि उत्तरेची बाजू प्लायने किंवा जाड पुठ्ठ्याने बंद करा, समोरचं दार जाळीचंच राहू दे, वर छप्पर तिरकं. गोणपाट वॉचमनला परत द्या, दव पडलं की ते ओलं होतं आणि ओलंच राहतं.

दुसरं म्हणजे आत एक छोटी खोली करून द्या. दोन ससे असले की एकमेकांना चिकटून झोपतात, एकाची ऊब दुसऱ्याला. तुमचा एकटा आहे, त्याला स्वतःच्याच अंगाच्या उबेवर जागा तापवायची आहे, तर ती जागा लहान हवी, वळता येईल आणि पाय पसरता येतील इतकीच. आंब्याची लाकडी पेटी असेल ना घरात कोणाकडे? डझनाची नको, मोठी, चार-पाच डझनाची. उपडी ठेवा आणि एका बाजूच्या पट्ट्या काढून दार करा. खिळे आणि तारेच्या पिना सगळ्या उपटा, बोट फिरवून बघा. आत भाताचा पेंढा कोंबून भरा, कोंबून म्हणजे हात घातला तर कोपरापर्यंत जायला हवा, तो स्वतःच मधे घरटं करतो. आमच्याकडे वसईत आत्ता भातकापणीनंतरचा नवा पेंढा मिळतो, तुम्हाला एखाद्या तबेल्यात मिळेल. घेताना वास घ्या, कुबट आला किंवा काळे ठिपके दिसले तर फुकट दिला तरी नको. शाल बाहेर काढा, ती तो खातो आणि ते धागे पोटात अडकतात, सशाला उलटी करता येत नाही हे लक्षात ठेवा.

घरात घेण्याबद्दल, घ्यायचा तर कायमचा घ्या नाहीतर बाहेरच राहू द्या. रात्री आत, सकाळी बाहेर, परत रात्री आत असं नको, त्याच्या अंगावर आलेली थंडीची लोकर गोंधळते. एखाद्या रात्री खरंच कडाका पडला तर गोष्ट वेगळी. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ डिग्री झालं होतं, तसं काही झालं तर आणा किचनमध्ये, आपणही त्या रात्री किचनमध्येच झोपू.

भाकरी बंद. बाजरी, पोळी, बिस्कीट, ब्रेड काहीच नाही. सासूबाईंना सांगा की त्याला गरम पडतं ते गवत, ते आतड्यात आंबतं आणि त्यातून ऊब तयार होते, शेगडीच आहे ती. थंडीत गवत जास्तच लागतं असं धरून चाला. दात जन्मभर वाढत राहतात तेही गवतानेच झिजतात. हराळी आणा, ऑनलाइन टिमोथी नावाचं सुकं गवत मिळतं ते महाग आहे पण चांगलं. लसूणघास रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त, लहान पिल्लांना ठीक. या दिवसात मुळ्याचा पाला, कोथिंबीर स्वस्त आहे ती द्या. लाल गाजरं बाजारात आलीत म्हणून रोज देऊ नका, गोड असतात, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. पाणी साधंच, पण बाटलीऐवजी जड वाडग्यात, ससा वाडग्यातून जास्त पितो.

आजोबा_डोंबिवली, ६ जानेवारी, रात्री ९.१०

वरच्या ताईंनी फार छान सांगितले आहे. माझी एकच भर. सर्दी म्हणून कोणी व्हिक्स लावा, कापूर जाळा, उदाचा धूर करा असे सांगेल, ते करू नये. डासांची कॉइलही सशाजवळ नको, त्यापेक्षा कपाटावर मच्छरदाणी टाकावी. आणि आंघोळ तर कधीच घालू नये. आमच्या नातीने एकदा डिसेंबरात शाम्पूने घातली होती, ससा थरथरत दोन तास नातीच्या मांडीवर टॉवेलात, आणि नात रडत आमच्या हिच्या मांडीवर.

पिठ्याची_मम्मी, ६ जानेवारी, रात्री १०.४५

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. ताडपत्री सकाळीच काढली. डोकं घालून बघायची उद्यापर्यंत वाट नाही बघितली, तेव्हाच घातलं आणि लगेच बाहेर काढलं, दोन मिनिटं कसली, नाकात एकदम जुन्या सार्वजनिक मुतारीचा वास गेला आणि डोळ्यात पाणी. मी रोज साफ करत होते हो! पण वरवर. शालीखालची फळी काळी पडली होती. खूप लाज वाटली.

पाय बघितले, आतून कोरडे आहेत, केस मऊ. आज दिवसात एकदाच शिंकला. लेंड्या मोजल्या नाहीत पण सूप भरून निघाल्या. सासूबाई भाकरीवरून रुसल्यात, म्हणतात आमच्या गावाकडे सशे काय तुमच्या यूट्यूबवर वाढले का. आंब्याची पेटी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे मिळाली, अजून देवगडचा शिक्का आहे तिच्यावर.

दुसऱ्या सशाबद्दल कोणीच बोललं नाही पण.

लालबागचा_पक्या, ७ जानेवारी, सकाळी १०.००

मुद्दाम नाही बोललो ताई :) आम्हाला दुकानदाराने दोन्ही माद्या आहेत शप्पथ सांगून दिल्या होत्या. महिन्याभरात सात पिल्लं. एक महिन्याची गाभण असते फक्त.

वसईची_सशेवाली, ७ जानेवारी, सकाळी ११.४०

पक्या हसवू नकोस. ताई, जोडीदार हवाच त्याला, ससा एकटं राहणारं जनावर नाही, पण थंडीवर उपाय म्हणून घाईत आणू नका. पिठ्या चार वर्षांचा नर, नसबंदी झालीये का? नसेल तर आधी ती, ससे करणाऱ्या डॉक्टरकडून, आणि नंतर महिनाभर थांबा. मग मादी आणा, तिचीही करून घ्या, न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. दुकानातून नको, सोडलेले इतके असतात. आणि सरळ त्याच्या कपाटात नेऊन सोडू नका, ते त्याचं घर आहे, फाडेल तिला. शेजारी शेजारी जाळीआड ठेवा, मग दोघांनाही अनोळखी अशा जागी रोज थोडा वेळ, बाथरूममध्ये वगैरे. कधी आठ दिवसात जमतं कधी दोन महिने.

तोपर्यंत तुम्ही बसा त्याच्याजवळ. उचलायचं नाही, नुसतं जमिनीवर पाटावर बसायचं, भाजी निवडत. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, सध्या उजाडतंच सव्वासातला, तुमचा चहा तिथेच घ्या. कपाळावर नाकापासून वर हात फिरवला आणि तो चपटा होऊन पसरला की समजा जमलं.

बोरिवलीकर_विन्या, ७ जानेवारी, दुपारी १.१५

थंडी बिंडी ठीक आहे पण तुम्ही मुलुंडला म्हणालात, डोंगराच्या बाजूला आहात का? आम्ही नॅशनल पार्कला लागून राहतो, बिबट्या कंपाउंडवरून जाताना सीसीटीव्हीत दिसतो, त्याच्यापुढे दुभत्याच्या कपाटाची जाळी म्हणजे पापड. बिबट्या सोडा, बोका आणि घूस यांनाही ती जाळी पुरत नाही, मांजराला दूध मिळू नये इतपतच असते ती. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा बाहेरून, कोंबडीची षटकोनी जाळी नको, ती दातांनी तुटते. खाली फरशी आहे ना? माती असेल तर घूस बीळ काढून येते. कडीला साधा खिळा अडकवू नका, आमच्याकडे बोक्याने पंजाने काढला होता. ससा वाचला, पण दोन दिवस जेवला नाही, बोका आत शिरलाच नव्हता तरी.

पिठ्याची_मम्मी, १७ जानेवारी, सकाळी ८.०५

अपडेट द्यायला उशीर झाला, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वेल्डमेश लावली, सुताराने सहाशे रुपये मजुरी घेतली, महागच. पूर्वेला प्लाय, खाली फरशी आहे. पेंढा तबेल्यातून मिस्टर स्कूटरवर घेऊन आले, अख्ख्या रस्त्यात सांडत, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. कपाट आता रोज सकाळी पूर्ण रिकामं करून व्हिनेगरच्या पाण्याने पुसते, डोकं घालते, वास येत नाही. शिंका बंद. बिल्डिंगमधल्या मुलांनी जाळीतून तिळगूळ द्यायचा प्रयत्न केला तो वेळेवर पकडला. नसबंदीसाठी ठाण्यात एक डॉक्टर मिळालेत, ससे नेहमी करतात, फेब्रुवारीची तारीख दिलीये. सासूबाई पहाटे शाल पांघरून त्याच्याजवळ मेथी निवडत बसतात, मी सांगितलंच नव्हतं, माझ्या फोनवर हे सगळं वाचलं वाटतं त्यांनी.

एकच तक्रार. पेटीत इतका छान पेंढा भरला, त्याने निम्मा खाल्ला आणि झोपतो कुठे, तर पेटीच्या आत नाही, वर! आजही पहाटे १६ होतं आणि हा देवगडच्या शिक्क्यावर तंगड्या पसरून. आत कसा पाठवू?

वसईची_सशेवाली, १७ जानेवारी, सकाळी ८.३०

नका पाठवू. त्याला उकडतंय.